काट्याचं वाण

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीनंतर पंधरा-वीस दिवसांत पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत माझं धरून दहा निवडुंगं मेली. निवडुंग मारणं सोपं नाही. पाणी नाही दिलं तरी ते जगतं, खत नाही घातलं तरी जगतं, आणि चार महिने कुणी त्याच्याकडं बघितलंच नाही तर जास्तच सुखात राहतं. पण आमच्या बायका एकदा मनावर घेतात तेव्हा घेतात. ह्या सगळ्याला सुरुवात माझ्या तोंडून निघालेल्या एका खोट्यानं झाली, म्हणून मीच लिहिते. दुसऱ्या कुणी लिहिलं तर त्यात मी फार चांगली दिसेन.

मी सारजाबाई. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर आणि लेकींच्या जुन्या पुस्तकांवर. माहेर मेंढरांचं, सासरही मेंढरांचं. पण माझ्या मालकांनी, सूर्यभानरावांनी, काठी टाकली आणि चिकलठाण्याला एका कारखान्यात मशीन धरलं. दोन्ही लेकींची लग्नं झाल्यावर शहाऐंशी साली मीही तिथल्याच एका औषधाच्या कंपनीत लागले. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची, दहा दहा मोजून. बाकावर माझ्या शेजारी वच्छलाबाई बसायची.

वच्छलाबाई मुकुंदवाडीची. मूळ गाव जालन्याकडं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून खेड्याखेड्यात घरं पेटली, त्यात तिचंही पेटलं. पाच वर्षांची पोरगी पाठीवर घेऊन ती शहरात आली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही पाकिटं मोजता मोजता, आणि मध्येच थांबून म्हणाली, "सारजे, तुझ्या खोक्यात एक पाकीट कमी हाय."

निवडुंग तिचं. म्हणजे आधी ते आमच्या पुण्याहून आलेल्या साहेबांचं होतं. साहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाएवढ्या कुंडीत एक गोल, गुबगुबीत गोळा, आणि त्याच्या अंगाला चिकटलेली बोराएवढी पिल्लं. साहेबांकडं जो जाई तो ग्लासातलं उरलेलं पाणी त्यात ओती. कुणी चहाचा गाळही. साहेब स्वतः शिकलेले, तरी त्यांना वाटे झाड आहे म्हणजे पाणी पाजलं पाहिजे. तीन महिन्यांत ते बुडातून मऊ पडलं आणि साहेबांनी ते बाहेर फेकायला सांगितलं. वच्छलाबाईनं भंगारातनं उचललं.

"मेलंय ते," मी म्हणाले.

"मेलं नाय. पानी पाजून मारायला घेतलंय, तेवढंच."

खोकी उघडायच्या पात्यानं तिनं दोन टणक पिल्लं कापून काढली आणि कागदात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली. आठ दिवस. मी रोज हसायचे. म्हणायचे, वच्छले, झाड मातीत लावतात, कपाटात नाही.

"जखम वाळू दे आधी," ती म्हणाली. "वली जखम मातीत घातली का सडती."

एक पिल्लू गेलं, एक जगलं. पुढच्या वर्षी त्याला सात पिल्लं झाली आणि त्यातलं एक तिनं पावडरच्या डब्याच्या झाकणात घालून मला आणून दिलं. सोबत हुकूमही दिले. वाळू दोन वाटे, विटेचा चुरा एक वाटा, चाळलेलं शेणखत चिमूटभर. कुंडीला भोक पाहिजेच. सकाळचं ऊन. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी, तेही बुडाशी, डोक्यावर नाही. थंडीत पाण्याचं नाव काढायचं नाही.

"आन् त्याला तहान लागली तर?"

"लागली तर ते सुरकुततं. तुझ्यावानी बोंबलत नाय."

मी ते पूर्वेच्या खिडकीत ठेवलं. दोन वर्षांत कुंडी भरली. आईच्या भोवती पिल्लं, पिल्लांच्या भोवती पिल्लं. त्याच्या काट्यांच्या बेचक्यांत पांढरी लव असते, अगदी कोकराच्या अंगावरच्या पहिल्या लोकरीसारखी. दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून गोल उभी राहतात, तसं ते दिसायचं. माहेरची एवढी एकच गोष्ट माझ्या सिमेंटच्या घरात आली होती, आणि ती आणली होती मुकुंदवाडीच्या वच्छलाबाईनं. एकदा त्या लोकरीत खरोखरची कीड पडली, पांढरा पिठ्या ढेकूण. मला लोकर वाढली असं वाटून मी महिनाभर खूश होते. वच्छलाबाईनं स्पिरिटचा बोळा दिला आणि म्हणाली, "धनगराची लेक व्हय गं तू? लोकर आन् उवा यातला फरक कळंना?"

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाई बानाबाईंना, ते झाड पटलं नाही. "काटा कुंपनाला ठिवत्यात, घरात नाय," एवढं म्हणून त्यांनी त्याच्याकडं पाठ केली ती केलीच. पण फाल्गुनात त्याच्या डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं आलं तेव्हा मी त्यांना चोरून बघताना पाहिलं.

फुलांचं कडं गल्लीनंही पाहिलं. आणि गल्ली म्हणजे सुगंधाबाई.

सुगंधाबाईंचे मालक रामकिसनराव आमच्या ह्यांचे सुपरवायझर. गावाकडं शेती बक्कळ, इथं दोन मजल्यांचं घर, आणि दिवाणखान्यात प्लास्टिकची फुलं, ज्यांच्यावर दर रविवारी ओल्या फडक्यानं धूळ पुसली जायची. त्या माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

"अगं बाई, सारजाबाई! हे कुठून आणलंस?"

खरं सांगायला मला किती वेळ लागला असता? वच्छलाबाईनं दिलं, एवढंच. पण सुगंधाबाईंनी पुढं विचारलं असतं, कोण वच्छलाबाई, कुठली, आडनाव काय. आमच्याकडं आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं ते कुणाला सांगायला नको. पुढच्या महिन्यात ह्यांच्या बढतीचा कागद रामकिसनरावांच्या टेबलावर जायचा होता. मी म्हणाले, "औरंगपुऱ्यातून. एका दुकानातून."

सुगंधाबाई दोनदा रिक्षा करून औरंगपुऱ्यात जाऊन आल्या. गल्लीबोळ फिरल्या. दुकान सापडलं नाही. मग माझ्याकडून एक पिल्लू नेलं, आणि सहा महिन्यांनी ते जरा बरं दिसायला लागल्यावर पाहुण्यांना सांगायला लागल्या की दिरानं बेंगळूरहून आणलंय. मी ऐकलं आणि गप्प बसले. एकीनं खोटं बोलावं आणि दुसरीच्या खोट्याला हसावं, एवढं तोंड माझ्याकडं नव्हतं. ह्यांना बढती मात्र मिळाली नाही. ती रामकिसनरावांच्या साडूच्या पोराला मिळाली.

असं चार-पाच वर्षं चाललं. बाकावर मी वच्छलाबाईच्या डब्यातली भाकरी खायची, ती माझ्या डब्यातली चटणी. गल्लीत मात्र तिचं नाव माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. तिनंही कधी विचारलं नाही की सारजे, तुझ्या घरी मी अजून का आले नाही.

त्र्याण्णवच्या दिवाळीत मी ठरवलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ह्या निवडुंगाची पिल्लं द्यायची. दरवर्षी त्याच चहाच्या गाळण्या आणि साबणाच्या डब्या. माझ्या फळीवर सात गाळण्या आहेत. एका घरात किती चहा गाळणार? आठ बायका, आठ पिल्लं. कापली, आठ दिवस वाळवली, आणि संक्रांतीच्या मातीच्या सुगडांना खिळ्यानं भोकं पाडून त्यात लावली.

"फुटकं सुगड, आन् वरून काटा," आत्याबाई म्हणाल्या. "चांगलं वान हाय. सवतीला द्यायचं असतं असलं."

"मला सवत नाही, आत्याबाई."

"नशीब तिचं."

मग संक्रांत आली. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. साडेपंधरा वर्षं रेटलेली गोष्ट तिळगुळाच्या दिवशी झाली. चौकाचौकात पोलीस उभे. आमच्या गल्लीत बायका तिळगूळ वाटताना आवाज खाली आणून बोलत होत्या, जणू कुणी आजारी आहे. आमचे हे दर एक मे रोजी कामगारांपुढं उभं राहून सांगतात की कामगाराला जात नसते. ते पेपर आपटून म्हणाले, "नाव बदलून काय पोट भरतंय का?"

"मग तुम्हाला एवढा राग का येतोय?" मी विचारलं. "तुमचं पोट तर तेवढंच आहे."

त्यांनी पेपर पुन्हा उचलला.

रविवारी दुपारी हळदीकुंकू होतं. आठही जणी आल्या. रेशमी साड्या, गजरे, आणि चतुराबाईंच्या अंगावर इतकं अत्तर की माझ्या पोह्यांना वास लागला. सतरंजीवर सुगंधाबाई मध्यभागी. कोपऱ्यातल्या पाटावर आठ सुगडं ओळीनं मांडलेली. मी हळद लावत होते, कुंकू लावत होते, आणि सुगंधाबाई बेंगळूरची कथा सांगत होत्या. त्यात आता विमानही आलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात वच्छलाबाई. निळी नवी साडी, हातात जिलेबीचा पुडा, कागदाला तूप सुटलेलं. चेहरा असा फुललेला की मी तो बाकावर सात वर्षांत पाहिला नव्हता. पहिल्यांदाच ती माझ्या घरी आली होती, आणि मी बोलावलं नव्हतं.

"सारजे, तोंड गोड कर आधी," ती म्हणाली. "आन् एक मागायला आले. पावसाळ्यात पत्रा गळला, माझं झाड सडून गेलं. तुला बोलले नाय, लाज वाटली. माझ्या आशाला विद्यापीठात होस्टेलची खोली मिळालीय. त्या खिडकीत ठिवायला एक पिल्लू दे. दिलेलंच परत मागते बघ."

मागून सुगंधाबाईंचा आवाज आला, "कोण आहे गं, सारजाबाई?"

आता हे लिहिताना मला दहा उत्तरं सुचतात. तेव्हा एकच सुचलं. मी मागं वळून म्हणाले, "कंपनीतली बाई आहे. कामाचं विचारायला आलीय." आणि दार माझ्या पाठीमागं ओढून घेतलं.

पुरतं ओढलं गेलं नाही. फटीतून वच्छलाबाईला सतरंजी दिसली, गजरे दिसले, आणि पाटावरची आठ सुगडं दिसली. तिनं ती मोजली. मोजायची सवय आम्हा दोघींनाही आहे.

"उद्या आणून देते," मी म्हणाले. "बाकावर. सगळ्यात चांगलं."

"नगं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "हळदीकुंकू हाय व्हय. चालू दे तुझं."

जिलेबीचा पुडा तिनं चपलांच्या फळीवर ठेवला आणि गेली. हातात दिला नाही. मी हात पुढंही केला नव्हता, हेही खरं.

मी आत आले. हळदीची वाटी उचलली. चतुराबाई म्हणाल्या, "जिलबीचा वास येतोय गं." सुगंधाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आज तिकडच्या सगळ्यांच्या घरी जिलबी असणार. नाव मिळालं ना. हातात खुळखुळा दिला की पोर गप्प बसतं." मग सगळ्या हसल्या.

मी पहिलं सुगड उचलून सुगंधाबाईंच्या पदरात घातलं. दुसरं चतुराबाईंच्या. एकेक करत आठही दिली. सगळ्यांनी पदरात घेतलं, डोक्याला लावलं, एकीला काटा टोचला ती "आई गं" म्हणाली. सगळं रीतीप्रमाणं झालं. सुगंधाबाई म्हणाल्या, "ह्या जातीचं इथं कुठं मिळत नाही बरं का. आमच्याकडचं बेंगळूरहून..."

"नाही," मी म्हणाले. "तुमचंही माझ्याच झाडाचं पिल्लू. आणि माझं मुकुंदवाडीच्या वच्छलाबाईनं दिलेलं. आत्ता दारातून जी परत गेली ती. ह्या नऊच्या नऊ झाडांची आई तिच्या घरची आहे."

"कोण वच्छलाबाई?" चतुराबाईंनी विचारलं. मग त्यांना कळलं. एकेकीला कळत गेलं, ते मी बघत होते. गजरे हलायचे थांबले.

आणि आता मजा बघा. सवाष्णीनं दिलेलं वाण परत करत नाहीत. टाकतही नाहीत, नवऱ्याच्या आयुष्याला वाईट. कपाळावर माझं कुंकू, पदरात वच्छलाबाईचं निवडुंग, आणि उठून जायलाही दोन्ही हात मोकळे नाहीत. आठ बायका काट्याची आठ सुगडं अंगापासून वीतभर लांब धरून माझ्या घरातून बाहेर पडल्या. पोह्यांना कुणी हात लावला नाही. जिलेबी मी आणि आत्याबाईंनी खाल्ली.

"आधी सांगायचं व्हतं," आत्याबाई चावता चावता म्हणाल्या.

"आधी म्हणजे?"

"ती दारात व्हती तवा."

मी पुड्याच्या तुपकट कागदाची घडी घातली.

सोमवारी वच्छलाबाई बाकावर नव्हती. सुपरवायझर बाईला सांगून ती पलीकडच्या ओळीत, कॅप्सूलवर गेली होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यापाशी गेले.

"वच्छले, मी सांगितलं सगळ्यांना. तुझं नाव घेतलं. सगळ्यांसमोर."

"मी गेल्यावर?"

"व्हय."

"मंग ते तुझं तुला," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. भाकरी अर्धी उरली होती.

इकडं गल्लीत शुद्धीकरण सुरू झालं. कुणी ठरवलं माहीत नाही, पण आठही घरांत एकाच दिवशी सुरू झालं म्हणजे सभा झाली असणार. चतुराबाईंनी सुगड गोमूत्राच्या बादलीत बुडवलं, पुरतं, काट्यांसकट. सत्यभामा नावाची कोपऱ्यावरची बाई, तिनं मोरीत नळाखाली ठेवून दिलं, वाहत्या पाण्यानं सगळं जातं म्हणून. सुगंधाबाईंनी कसूर ठेवली नाही. सकाळी गोमूत्र, मग दूध, मग काशीहून आणलेल्या सीलबंद तांब्यातलं गंगेचं पाणी, असं रोज, सात दिवस, दोन्ही झाडांना, जुन्या आणि नव्या. मुळात विटाळ वगैरे काही नसतो, असं त्या मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या. आपलं मनाच्या समाधानासाठी. जानेवारीची थंडी, मातीत ओल, वरून दूध. त्या झाडाला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पाणी घालू नका, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर नऊच्या नऊ वाचली असती. मी ओट्यावर बसून तूर निवडत होते आणि बघत होते. हेही लिहून ठेवते.

पहिलं गेलं सत्यभामाचं. हात लावला तर बोट आत. मग ओळीनं. सुगंधाबाईंच्या घरात तर दुधाचा आंबूस वास सुटला, दिवाणखान्यात पाहुणे बसेनात. त्या मला म्हणाल्या, "बघितलंस? असल्या हातचं टिकतच नाही."

"चार वर्षं टिकलं होतं की तुमच्याकडं," मी म्हणाले. "बेंगळूरचं होतं तोवर."

तोंडावर बोलायची ती माझी पहिली वेळ. फार गोड लागली नाही. कारण त्याच संध्याकाळी मी कामावरून आले तर माझ्या खिडकीतल्या कुंडीत पाणी तुडुंब, पिवळट, आणि वास ओळखीचा. आईच्या डोक्यावरची लोकर भिजून चिकट झालेली.

"आत्याबाई!" मी ओरडले.

"माज्यावर वरडू नगंस," त्या खाटेवरून म्हणाल्या. "सूर्यभाननं वतलं. मी म्हनलं त्याला, काट्याला कसला आलाय इटाळ? मेंढरं कुनाच्या बी रानात बसवली आपुन, तिथलंच पानी पेलो. आयकंना. म्हनं रामकिसनराव बोलले."

हे पेपर धरून बसले होते. मी पेपरच्या वरून विचारलं, "कामगाराला जात नसते ना?"

"तू कशाला नाव घेतलंस तिचं?" हे म्हणाले. "नाहीतर हे सगळं झालं असतं का?"

त्यात खोटं काही नव्हतं. नाव घेतलंच नसतं तर काहीच झालं नसतं. साडेपंधरा वर्षं सगळ्या मराठवाड्याचं हेच तर म्हणणं होतं. मी कुंडी उचलून बाहेर ओट्यावर पालथी केली.

माती निथळली, पण उशीर झाला होता. त्याआधीचे दोन दिवस कुंडी तशीच तुंबून होती असं आत्याबाईंनी मग सांगितलं. मी दोन्ही दिवस ओव्हरटाइमला होते आणि अंधारात येऊन बघितलंच नव्हतं. आई बुडातून मऊ पडली होती. भोवतीची पिल्लंही एकेक करत दाबून बघितली. पिकल्या टोमॅटोसारखी. ज्या झाडाला सात वर्षं मी जीव लावला ते मला वाचवता आलं नाही. वरच्या अंगाला, आईच्या खांद्यावर म्हणा, दोन पिल्लं टणक लागली. पातं निखाऱ्यावर धरून मी ती कापली. जखमेला लावायला घरात काय असणार? फडताळात हळदीकुंकवाचं ताट तसंच पडलं होतं. त्यातली हळद घेतली आणि दोन्ही जखमांवर दाबून लावली. कुंकू ठेवलं बाजूला.

आठ दिवस कागदात गुंडाळून ती फडताळात राहिली. मी रोज काढून जखम बघायची, पुन्हा ठेवायची. आत्याबाई म्हणायच्या, "हात लावून लावून मारशील." नवव्या दिवशी जखमेवर खपली धरली होती, कोरडी आणि टणक. रविवार होता. मी दोन्ही पिल्लं घेतली आणि चालत मुकुंदवाडीला गेले.

सात वर्षांत मी पहिल्यांदा तिच्या दारात उभी राहिले. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, अंगण सारवलेलं. वच्छलाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. उठली नाही. मी कागद उघडून तिच्यापुढं धरला.

तिनं एक पिल्लू उचललं, उलटं केलं, जखम बघितली. "हळद लावलीस?"

"हळदीकुंकवातलीच."

तिच्या नाकातून एक आवाज निघाला. हसू होतं की नाही मला सांगता येणार नाही. "आन् मोठं?"

"गेलं. ह्यांनी गोमूत्र ओतलं. गल्लीतली सगळी गेली."

"सगळी?"

"नऊ."

तिनं तांदळातला एक खडा काढून लांब फेकला. "लई शुद्ध झाली असतील," ती म्हणाली.

मी म्हणाले, "वच्छले, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशीचं नगं बोलू. मी व्हते तिथं."

आतून पोरीचा आवाज आला. आशा. होस्टेलवरून सुट्टीला आली असणार. "आई, कोण आलंय गं?"

वच्छलाबाईनं माझ्याकडं बघितलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून. घाई नव्हती तिला.

"कंपनीतली बाई हाय," ती म्हणाली.

मी पायाकडं बघितलं. चपला अजून पायातच होत्या. निघायला हरकत नव्हती.

"च्या टाक," वच्छलाबाई आत बघून म्हणाली. "साखर घालू नगं. ती बिनसाखरेचा पिती."

मग ती उठली आणि खिडकीच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत वाळू आणि विटेचा चुरा, वर बोटानं केलेली एक खळगी. त्यात काहीच लावलेलं नव्हतं. चुऱ्यावर धूळ बसली होती, म्हणजे डबा संक्रांतीच्याही आधीपासून भरून ठेवलेला होता. तिनं दोन्हींतलं लहान पिल्लू निवडलं, त्या खळगीत ठेवलं, भोवतीचा चुरा अंगठ्यानं दाबला. मोठं माझ्या कागदात परत ठेवलं आणि कागदाची घडी घातली.

आशा चहा घेऊन आली, दारातच उभी राहून डब्याकडं बघत म्हणाली, "पाणी कधी घालायचं ह्याला?"

वच्छलाबाईनं हाताला लागलेला चुरा झटकला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "इचार तिला. तिला येतंय सगळं."

मी सांगितलं. मुळं धरेपर्यंत थेंब नाही. मग बुडाशी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी. थंडीत नाव काढायचं नाही. सकाळचं ऊन. कुणी उरलेलं पाणी ओतायला आलं तर हात धरायचा. मग चहाचा घोट घेतला. चहा बिनसाखरेचा होता आणि कडक होता.

निघताना मी दारात थांबले. "उद्या बाकावर येशील?"

वच्छलाबाईनं डबा पुन्हा खिडकीत ठेवला, जिथं सकाळचं ऊन येतं तिथं, आणि जरासा सरकवून सरळ केला.

"जगलं तर सांगन," ती म्हणाली.